बाटलीवरचे ‘आर्निका’ आधी नीट वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरतो, गडकिल्ल्यांच्या वाटा माणसांनी फुलतात, शाळांच्या मैदानी स्पर्धा सुरू होतात आणि घरातल्या औषधांच्या डब्यातून ‘आर्निका’ बाहेर निघते. मुका मार लागला, लाव आर्निका. पाय मुरगळला, घे आर्निका. केस गळताहेत, आण आर्निकाचे तेल. हे नाव मराठी घरांत इतके रुळले आहे की ते एका रानफुलाचे नाव आहे, हेच विस्मरणात गेले आहे. तेवढ्याने काही बिघडत नाही. बिघडते ते पुढे. या एकाच नावाखाली चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. त्यांतली एक पोटात गेली तर विष ठरू शकते, उघड्या जखमेवर लागली तर फोड आणते. दुसरीत त्या झाडाचा अंशही सापडणार नाही. आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतल्या घरगुती उपायांत या सगळ्यांना सरसकट ‘आर्निका लावा’, ‘आर्निका घ्या’ असे दोन शब्दांत उरकले जाते. वनस्पतिशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र शिकवणारे आम्ही काही जण त्याबद्दल सविस्तर लिहीत आहोत. जागा थोडी जास्त लागेल, पण कृपया छापावे.

आधी झाड. आर्निका मोन्टाना ही युरोपातल्या डोंगराळ भागातली बहुवर्षायू वनस्पती. स्पेन-पोर्तुगालपासून आल्प्स, कार्पेथियन ते थेट दक्षिण स्कँडिनेव्हियापर्यंत ती आढळते. ग्रॅनाइट, वालुकाश्म अशा खडकांवर साचलेली पातळ, आम्ल, निकस माती तिला लागते. चुनखडीची जमीन तिला सोसत नाही. कुळ आपल्या सूर्यफुलाचे, शेवंतीचे, सोनकीचे. जमिनीलगत चपटी पसरलेली केसाळ पानांची चकती, पानांवर देठाकडून टोकाकडे जाणाऱ्या पाच-सात ठळक शिरा, मधून वीत-दीड वीत ते दोन फूट वर गेलेला दांडा आणि टोकाला पाच ते आठ सेंटीमीटरचे नारिंगी झाक असलेले पिवळे फूल. दांड्यावरची मोजकी एक-दोन जोड पाने एकमेकांसमोर येतात. ही खूण लक्षात ठेवावी, कारण तिच्यासारखी दिसणारी डोरोनिकमसारखी पिवळी फुले त्याच डोंगरांत आहेत आणि त्यांची पाने एकाआड एक असतात. आर्निकाची एक पाकळी उपटून टोकाशी पाहिली तर तीन बारीक दाते दिसतात. खरे तर ती पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूलच. मधल्या गादीत अशी आणखी शंभराच्या आसपास नळीसारखी फुले दाटलेली असतात. आपण ‘फूल’ म्हणतो तो हा सगळा गुच्छ, आणि औषधात वापरतात तोही हाच.

त्या गुच्छात हेलेनालिन आणि त्याची भावंडे शोभावीत अशी काही द्रव्ये असतात. रसायनशास्त्रात त्यांना सेस्क्विटर्पीन लॅक्टोन म्हणतात. युरोपीय औषधसंहितेप्रमाणे वाळलेल्या आर्निकाच्या फुलांत त्यांचे प्रमाण किमान ०.४ टक्के असावे लागते. सूज चढवणारी यंत्रणा पेशींत ज्या प्रथिनामार्फत चालू होते, त्या एनएफ-कप्पा-बीला हेलेनालिन अडवते. म्हणजे मुका मारावर हे फूल लावण्यामागे नुसती परंपरा नाही, समजण्याजोगे कारण आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बोटांच्या सांधेदुखीच्या २०४ रुग्णांपैकी निम्म्यांना आर्निकाचे जेल आणि निम्म्यांना ५ टक्के आयबुप्रोफेनचे जेल तीन आठवडे दिले, तेव्हा वेदना आणि हाताची हालचाल या दोन्हींत दोघांत फारसा फरक आढळला नाही. पण हेच हेलेनालिन ज्या गुणाने सूज उतरवते, त्याच गुणाने शरीरातल्या इतर प्रथिनांनाही चिकटते. त्यातूनच विषबाधा होते आणि त्यातूनच अ‍ॅलर्जी. औषध आणि अपाय यांचे मूळ एकच आहे, हे ध्यानात आले की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात.

आता त्या चार वस्तू.

पहिली, होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या. ३० पोटन्सी म्हणजे मूळ अर्क शंभर पट पातळ करण्याची क्रिया तीस वेळा केलेली, म्हणजे एकावर साठ शून्ये इतका पातळ. बाराव्या पायरीनंतरच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता नाहीशी होत जाते. होमिओपॅथीच्या तत्त्वांवरचा वाद या पत्राचा विषय नाही. सांगायचे इतकेच की या गोळ्यांनी हेलेनालिनची विषबाधा होणार नाही, आणि वर सांगितलेल्या चाचणीचा दाखला या गोळ्यांसाठी देता येणार नाही. त्या चाचणीतल्या जेलमध्ये फुलांचा प्रत्यक्ष अर्क होता.

दुसरी, मदर टिंक्चर. बाटलीवर ‘क्यू’ लिहिलेले असते. हा झाडाचा अल्कोहोलमध्ये काढलेला खराखुरा अर्क. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण गोळ्या आणि मदर टिंक्चर एकाच कपाटात, एकाच नावाने आणि बऱ्याचदा एकसारख्याच वेष्टनात असतात. गोळ्या पोटात घेतात म्हणून ‘दहा थेंब पाण्यातून’ हेही पोटात घेतले जाते. युरोपीय औषध संस्थेने आर्निकाच्या फुलांना मान्यता दिली आहे ती फक्त कातडीवर लावण्यासाठी. अर्क पोटात गेला तर घशात आग, उलट्या, जुलाब, धडधड, धाप लागणे अशी लक्षणे येतात आणि मात्रा मोठी असेल तर हृदयाचे ठोके बिघडतात. लहान मुलाच्या हाती बाटली लागून तो प्यायलाच, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत पडू नये. बाटली बरोबर घ्यावी आणि थेट रुग्णालय गाठावे. किती मिलिलिटर कमी झाले आहे, हे डॉक्टरांना सांगता आले तर उपचार सोपे होतात.

तिसरी, मलम किंवा जेल. यांत अर्काचे प्रमाण किती, हे वेष्टनावर बारीक अक्षरांत असते. जर्मनीत वनौषधी तपासणाऱ्या ‘कमिशन ई’ या तज्ज्ञ समितीने १९८४ मध्ये घालून दिलेली मर्यादा अशी: मलमात टिंक्चर जास्तीत जास्त २० ते २५ टक्के, आणि तेलातला अर्क वापरला असेल तर १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. पातळ थर, दिवसातून दोन-तीनदा. जास्त चोपडले म्हणून जास्त गुण येत नाही.

चौथी, तेल. एक भाग वाळलेली फुले आणि पाच भाग खाद्यतेल, असे मुरवून केलेला हा अर्क. केसांच्या तेलात तो आणखी किती पातळ केलेला असतो, हे बाटलीवर बहुधा लिहिलेले नसते. केसांबद्दल पुढे लिहितो.

मदर टिंक्चर घरात असेलच तर त्याचा योग्य उपयोग म्हणजे ओली पट्टी. ती कशी करावी, हे कोणी नीट लिहीत नाही म्हणून इथे देत आहोत. मार लागल्यावर पहिला दिवसभर बर्फ किंवा गार पाणी, फडक्यात गुंडाळून, एका वेळी दहा-पंधरा मिनिटे. त्यानंतर दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर टिंक्चर, ५० मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळावे. हे मिश्रण सहापट पातळ होते. मान्य प्रमाण तीनपट ते दहापट पातळ असे आहे. पहिल्यांदा वापरणाऱ्याने दहापटीकडेच राहावे, म्हणजे तेवढ्याच टिंक्चरला ९० मिलिलिटर पाणी घ्यावे. जुन्या धुवट सुती कापडाची चौपदरी घडी त्यात भिजवावी, टपकणार नाही इतपत पिळावी आणि दुखऱ्या जागेवर पंधरा-वीस मिनिटे ठेवून काढावी. दिवसातून दोनदा, फार तर तीनदा. पट्टी काढल्यावर जागा साध्या पाण्याने पुसून कोरडी करावी. उरलेले मिश्रण ठेवू नये, दुसऱ्या वेळी ताजे करावे.

चुका ठरलेल्या असतात. टिंक्चर न पातळ करता थेट लावले जाते, वरून क्रेप बँडेज करकचून आवळले जाते आणि ते रात्रभर तसेच राहते. सकाळी बँडेज सोडावे तर घोट्याभोवती पाण्याने भरलेले फोड. अल्कोहोल उडून गेलेले, अर्क तिथेच कोंडलेला, कातडी घामाने मऊ झालेली. फोड न आले तरच नवल. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून वर गरम पाण्याची पिशवी ठेवणे हा त्याच चुकीचा दुसरा अवतार. खरचटलेल्या गुडघ्यावर लावणे ही तिसरी चूक. ‘मुका मार’ या आपल्या शब्दातच नियम सांगितलेला आहे: कातडी फुटलेली नाही, रक्त बाहेर आलेले नाही, आत काळेनिळे पडले आहे, तोच मुका मार. रक्त दिसले की आर्निका बाजूला ठेवावी आणि जखम साबण-पाण्याने धुवावी. डोळ्याभोवती काळे पडले असेल तर गार पट्टीच बरी. टिंक्चर डोळ्यात उतरते. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी युरोपीय औषध संस्थेची शिफारस नाही. आणि तीन-चार दिवसांत उतार पडला नाही, किंवा पाय टेकवतच नाही, किंवा मार डोक्याला आहे, तर तो आर्निकाचा विषय नाही, एक्स-रेचा आणि डॉक्टरांचा आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वयस्क माणसाच्या अंगावर मार न लागता निळे डाग उमटत असतील तर त्यांवर मलम चोळत बसू नये. गोळ्यांची मात्रा तपासून घ्यावी.

आता जो मुद्दा युरोपातल्या पुस्तकांत सापडणार नाही, पण महाराष्ट्रात सगळ्यांत महत्त्वाचा आहे, तो गाजर गवताचा.

गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेले आणि तिथून देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने आणि हवेत उडणाऱ्या त्याच्या कणांनी हजारो शेतकऱ्यांना, रस्त्याकडेची सफाई करणाऱ्यांना कायमचा त्वचारोग जडला आहे. पापण्या सुजणे, मान काळवंडून जाड होणे, कोपराच्या आतल्या घडीत चिरा आणि खाज, उन्हात सगळे वाढणे. गावातल्या कोणालाही ही लक्षणे सांगावी लागत नाहीत. हे ज्यामुळे होते ते द्रव्य म्हणजे पार्थेनिन. आणि पार्थेनिन हे रासायनिक घडणीने हेलेनालिनचे अगदी जवळचे नातेवाईक आहे. दोन्ही स्यूडोग्वायानोलाइड वर्गातली, दोन्हींच्या टोकाला कातडीतल्या प्रथिनाला पकडणारा तोच आकडा. ज्याच्या शरीराने गाजर गवताशी वैर धरले आहे, ते शरीर आर्निकालाही त्याच वैऱ्यात मोजण्याची दाट शक्यता असते. शेवंती हाताळून ज्या फूलविक्रेत्यांची बोटे फुटतात, त्यांनाही हेच लागू.

म्हणून गाजर गवताचा त्रास असलेल्या माणसाने आर्निकाचे मलम, तेल, टिंक्चर यांपैकी काहीही लावू नये. घरी ‘थोडेसे लावून पाहू’ असेही करू नये. तपासणी हवीच असेल तर ती त्वचारोगतज्ज्ञाकडे. खेदाची बाब म्हणजे दिवसभर निंदणी करून पाठ आणि मनगटे दुखतात ती नेमकी याच लोकांची, आणि ‘झाडपाल्याचे आहे, अपाय नाही’ म्हणून हे मलम दिले जाते तेही त्यांनाच. मग अंगावर आणखी चट्टे उठले की दोष पुन्हा गवतालाच जातो. ज्यांना असा काही त्रास नाही त्यांनीही पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आत रुपयाएवढ्या जागेवर लावून दोन पूर्ण दिवस वाट पाहावी. ही अ‍ॅलर्जी दहा मिनिटांत दिसत नाही, ती उशिरा उठते. ‘लावले, काही झाले नाही’ असे तासाभरात ठरवणे चूक आहे.

केसांचे थोडक्यात. आर्निकाने केस वाढतात किंवा गळायचे थांबतात असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. युरोपीय औषध संस्थेने मान्य केलेल्या वापरांत मुका मार, लचक आणि स्नायूंचे दुखणे एवढेच येते. केसांचा उल्लेख नाही. आणि कोंड्याने खाजवून खाजवून ज्याच्या डोक्याला ओरखडे पडले आहेत, त्याची कातडी फुटलेलीच आहे. तिथे हे तेल जिरवणे म्हणजे जखमेवर लावण्यासारखेच झाले. तेल लावल्यावर कपाळाच्या वरच्या कडेला, कानांमागे आणि मानेवर खाज येऊ लागली तर तो ‘तेल मुरतंय’ याचा पुरावा नव्हे. तेल बंद करण्याची ती खूण आहे.

भेसळीबद्दलही लिहायला हवे. मेक्सिकोत हेटेरोथेका इनुलॉइडेस नावाच्या वेगळ्याच पिवळ्या फुलाला ‘आर्निका’ म्हणतात आणि तेही व्यापारात त्याच नावाने फिरते. सुट्या वाळलेल्या फुलांत कॅलेंड्युला मिसळलेला असतो. अख्खी फुले असतील तर जाणकाराला ओळखता येतात. भुकटी झाली की डोळ्यांना काही कळत नाही, प्रयोगशाळेतच कळते. शिवाय खऱ्या आर्निकातही फरक आहेच. मध्य युरोपातल्या फुलांत हेलेनालिन जास्त असते, तर स्पेनच्या काही भागातल्या फुलांत डायहायड्रोहेलेनालिन या त्याच्या भावंडाचा वाटा मोठा असतो. म्हणून ‘आर्निका अर्क’ एवढ्या दोन शब्दांतून ताकद कळत नाही.

हे फूल मिळते कुठून, हेही वाचकांनी जाणून घ्यावे असे आहे. लागवड होते, जर्मनीत ‘आर्बो’ नावाचा वाणही काढलेला आहे, पण बाजारातला मोठा वाटा अजून रानातून खुडलेल्या फुलांचा आहे. फ्रान्समधल्या व्होज पर्वतातले मार्कस्टाइन आणि रोमानियातले अपुसेनी डोंगर ही त्याची नावाजलेली ठिकाणे. जून-जुलैत फुले उमलताच खुडायची आणि त्याच दिवशी जाळीच्या ताटांवर एकेरी थरात, सुमारे ४० अंशांच्या कोरड्या हवेत वाळवायची. उशीर झाला, ढीग तसाच राहिला, तर खुडलेले फूलही आतल्या आत पिकत जाते आणि त्याची म्हातारी होते. ताटावर नुसता पांढरा कापूस उरतो. टेफ्रायटिस नावाच्या माशीच्या अळ्या गादीत असतात, त्या वेगळेच नुकसान करतात. जुन्या जर्मन औषधसंहितेत गादी काढून टाकलेली फुलेच मागत, ते त्यामुळेच. पाच-सहा किलो ताज्या फुलांचे जेमतेम एक किलो वाळवण होते. अपुसेनीतल्या गार्दा दे सुस या गावाने फुले ताजी न विकता गावातच वाळवून विकायला सुरुवात केली आणि मोलाचा मोठा भाग गावात राहिला. आपल्या हिरडा गोळा करणाऱ्या गावांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

फूल खुडले तरी जमिनीतला कंद-दांडा शाबूत राहतो, झाड पुढच्या वर्षी येते. मुळासकट उपटले की संपले. पण आर्निकाला खरा धोका खुडण्यापेक्षा खताचा आहे. कुरणाला खत किंवा चुना टाकला की गवत उंच होते आणि जमिनीला चिकटलेली आर्निकाची चकती सावलीत कुजते. उलट, गाई बाहेर काढून कुरण नुसते सोडून दिले तरी तेच होते, झुडपे माजतात. गाई आर्निकाला तोंड लावत नाहीत, आजूबाजूचे गवत खाऊन तिला उजेड मोकळा करून देतात. म्हणून व्होजमध्ये २००७ साली गावे, शेतकरी आणि खुडणारे यांनी मिळून करार केला: या कुरणांवर चुना नाही, रासायनिक खत नाही, नांगर नाही, पण चराई आणि कापणी चालू. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात तिच्या खुडण्यावर नियंत्रण ठेवण्याची तरतूद आहे. कासच्या सड्यावर चराई असावी की नसावी, हा वाद आपल्याकडेही झाला. पातळ मातीवरची फुले कुंपणाने वाचतात की गुरांच्या दातांनी, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे, आणि आमचे मत मर्यादित चराईच्या बाजूचे आहे.

महाबळेश्वरची जांभ्याची माती आम्ल आहे, मग आर्निका तिथे का लावू नये, असे विचारले जाते. माती चालेल कदाचित, हवा चालणार नाही. पहिल्या वर्षी हे झाड नुसती पानांची चकती धरते आणि फुलायला त्याला मधला कडक हिवाळा लागतो. आपला हिवाळा त्याला हिवाळा वाटणारच नाही, आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस ती चकती कुजवेल. बाल्कनीतल्या कुंडीत तर बोअरचे क्षारयुक्त पाणी घालताच पाने पिवळी पडतील. तेव्हा ‘आर्निकाचे रोप’ म्हणून कोणी काही विकत असेल तर आधी दांड्यावरची पाने समोरासमोर आहेत का ते पाहावे, आणि असली तरी पैसे घालवू नयेत.

आमच्या दोन मागण्या आहेत. उत्पादकांनी वेष्टनावर चार गोष्टी डोळ्यांना दिसतील अशा अक्षरांत, मराठीतूनही छापाव्यात: झाडाचे पूर्ण शास्त्रीय नाव, वापरलेला भाग (फूल, मूळ की सगळे झाड), अर्काचा प्रकार आणि टक्केवारी. त्याखाली ‘गाजर गवताची अ‍ॅलर्जी असल्यास वापरू नये’ ही एक ओळ. मदर टिंक्चरच्या बाटलीवर ती लाल रंगात असावी.

दुसरी मागणी आपल्याकडे. घरगुती उपायांच्या सदरात यापुढे आर्निकाचे नाव आले तर नुसते ‘आर्निका लावा’ असे छापू नये. एवढा मजकूर पुरेल: ‘कातडी फुटलेली नसेल तर मुका मारावर आर्निकाचे मलम पातळ लावावे, किंवा टिंक्चर दहापट पाण्यात मिसळून पंधरा मिनिटे ओली पट्टी ठेवावी. टिंक्चर पिऊ नये. गाजर गवताचा किंवा शेवंतीचा त्रास असणाऱ्यांनी आणि बारा वर्षांखालच्या मुलांसाठी वापरू नये.’

आपले,
वनस्पतिशास्त्र व औषधनिर्माणशास्त्राचे काही शिक्षक, पुणे